आळणं, मिळून येणं, थिजणं: दाटपणा आणणाऱ्या पदार्थांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात घरापुरतं आइसक्रीम करणारे, सॉस-जॅम विकणारे आणि मंचुरियनची गाडी लावणारे, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून याच पावडरींपाशी येतात. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे प्रमाण १ लिटर तयार पदार्थासाठी आहे, असं समजावं.

थिकनर आणि स्टॅबिलायझर म्हणजे एकच ना?

पुष्कळदा पावडर एकच असते, कामं मात्र वेगळी. आपल्या स्वयंपाकघरात या कामांना आधीपासूनच नावं आहेत. पिठलं आळतं, म्हणजे पाणी पिठात अडकतं आणि रस दाट होतो. हे थिकनरचं काम. आमटी मिळून येते, म्हणजे डाळ तळाला आणि पाणी वर अशी फुळकवणी होत नाही. हे स्टॅबिलायझरचं काम. खरवस थिजतो, सुरीने वडी पडते. हे जेलिंग एजंटचं काम.

दुकानात जाण्याआधी यातलं आपल्याला काय हवंय ते ठरवावं. जेली करायची म्हणून कोणी ग्वार गम वाढवत जातं. ग्वार एकटा कितीही घातला तरी थिजत नाही, नुसता बुळबुळीत होतो. उलट ग्रेव्हीला दाटपणा म्हणून चायना ग्रास घातलं, तर गरम असेपर्यंत ग्रेव्ही पातळच राहते आणि निवल्यावर तिच्या वड्या पडतात.

निवड कशावरून करायची?

पाच गोष्टी विचाराव्यात. पदार्थ शिजवायचा आहे की थंडच मिसळायचा? आंबट आहे का? दूध आहे का? गोठवायचा आहे का? आणि तो आजच संपणार की महिनाभर बाटलीत राहणार? यांची उत्तरं मिळाली की बहुतेक पर्याय आपोआप गळतात.

अंदाजासाठी प्रमाणं (आयएनएस म्हणजे अन्नात मिसळायच्या घटकाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक):

कॉर्नफ्लॉवर: सूपला १५ ते २० ग्रॅम, ग्रेव्हीला ३० ते ४०, कस्टर्डला ४० ते ५०. उकळी हवीच.
ग्वार गम, आयएनएस ४१२: २ ते ५ ग्रॅम. थंड पाण्यात फुगतो.
झँथन गम, आयएनएस ४१५: १ ते ३ ग्रॅम. थंडात फुगतो, आंबट-खारटाला दाद देत नाही.
सीएमसी म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, आयएनएस ४६६: १.५ ते ३ ग्रॅम, मुख्यतः आइसक्रीमला.
अगर म्हणजे चायना ग्रास, आयएनएस ४०६: पावडर ७ ते १० ग्रॅम. उकळावंच लागतं.
जिलेटिन: १५ ते २५ ग्रॅम. मांसाहारी, आणि उन्हाळ्यात टिकत नाही.
कॅराजीनन, आयएनएस ४०७: चॉकलेट दुधाला ०.२ ते ०.३ ग्रॅम. दशांश चिन्ह नीट वाचावं.
पेक्टिन, आयएनएस ४४०: १ किलो जॅमला ३ ते ८ ग्रॅम.

कॉर्नफ्लॉवर आणि झँथन यांच्या प्रमाणात दहा-वीस पटींचा फरक आहे, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे. एकाच्या जागी दुसरा 'तेवढाच' घालून चालत नाही.

चमच्याने मोजलं तर चालेल का?

कॉर्नफ्लॉवरला चालतं. सपाट मोठा चमचा साधारण ८ ग्रॅमचा. गमला चालत नाही. ५ मिलिलिटरच्या सपाट छोट्या चमच्यात अडीच ते तीन ग्रॅम गम बसतो. चमचा थोडा शिगोशीग झाला की प्रमाण दीडपट होतं आणि सॉसला नाकातल्या शेंबडासारखी तार येते. उपमा किळसवाणी आहे, पण अचूक आहे. सोनारकामाला वापरतात तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा.

कॉर्नफ्लॉवर लावलेली ग्रेव्ही थोड्या वेळाने पातळ का होते?

कारणं चार-पाच आहेत. आपल्याकडे कोणतं घडलं ते ओळखता आलं पाहिजे.

कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचा स्टार्च. त्याचे कण साधारण ६२ ते ७२ अंशांदरम्यान पाणी पिऊन फुगू लागतात, पण पूर्ण दाटपणा ९० अंशांच्या पुढे येतो. पहिली उकळी येण्याआधीच गॅस बंद केला तर ग्रेव्ही कच्ची लागते आणि नंतर पाणी सोडते. उकळी आल्यावर एक-दोन मिनिटं पुरतात. पुढे दहा मिनिटं खळखळ उकळून जोरात ढवळत राहिलं, तर फुगलेले कण फुटतात आणि दाटपणा उतरतो. गाडीवर मोठ्या कढईत दिवसभर उकळत ठेवलेल्या मंचुरियन ग्रेव्हीचं हेच होतं.

दुसरं कारण आंबट. व्हिनेगर, टोमॅटो, चिंच, लिंबू यांच्याबरोबर स्टार्च उकळत राहिला की त्याच्या साखळ्या तुटतात. म्हणून आधी दाट करावं आणि व्हिनेगर-लिंबू गॅस बंद करताना घालावं. आंबट असूनही दीर्घकाळ उकळायचं असेल, तर साध्या कॉर्नफ्लॉवरऐवजी सुधारित स्टार्च घ्यावा. सॉसच्या बाटलीवर आयएनएस १४२२ किंवा १४४२ असं दिसतं तो हा. त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे आंबट, उष्णता आणि घुसळण तो सहन करतो.

तिसऱ्या कारणाकडे कोणी लक्ष देत नाही. चाखलेला चमचा परत पातेल्यात घातला, तर लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्च पचवू लागतं. कोमट कस्टर्ड तासाभरात पाण्यासारखं होतं आणि दोष कंपनीला दिला जातो. अंड्याचं कस्टर्ड करताना पिवळा बलकही नीट तापला पाहिजे, त्यातही अमायलेज असतं.

चौथं, साखर. खीर-कस्टर्डात सगळी साखर आधी घातली तर ती पाणी धरून बसते आणि स्टार्चला फुगायला पाणी पुरत नाही. निम्मी साखर आधी घालावी, उरलेली आळल्यावर.

फ्रीजमध्ये ठेवल्यावर घट्ट गोळा आणि बाजूला पाणी दिसलं, तर ते पातळ होणं नव्हे. स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जवळ येऊन पाणी पिळून काढतात. गोठवून वितळवलं की हे आणखी वाढतं. फ्रीझरमध्ये जाणाऱ्या पदार्थाला नुसतं कॉर्नफ्लॉवर लावू नये.

येसर आमटी किंवा शेंगदाण्याच्या कुटाला यातलं काही लागतं का?

नाही. येसरातली धान्यं आणि डाळी भाजलेल्या असतात. कोरड्या भाजण्याने स्टार्चचे तुकडे पडून डेक्स्ट्रिन तयार होतं. त्यामुळे भाजलेलं पीठ कच्च्या पिठाएवढं आळत नाही, साधारण दीडपट-दुप्पट लागतं. बदल्यात गुठळी कमी होते आणि खमंगपणा येतो. आमटी फुळकवणी वाटली तर येसर वाढवावं, कॉर्नफ्लॉवर नको. कॉर्नफ्लॉवरने तिला हॉटेलची चकाकी येते आणि चव झाकली जाते.

कुटाचं काम वेगळं. त्यातली प्रथिनं आणि बारीक कण तेल-पाण्याला धरून ठेवतात, म्हणून आमटी मिळून येते. कूट भरड असेल तर ते तळाशी बसतं. कूट थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमधून गुळगुळीत वाटून घातलं, की त्याच वजनात दुप्पट काम होतं.

ज्वारीच्या भाकरीला झँथन घालावा का?

ताज्या पिठाला गरज नाही. उकळत्या पाण्याने मळलं की थोडा स्टार्च शिजून पीठ बांधलं जातं. विरी गेलेल्या जुन्या पिठाला १०० ग्रॅममागे अर्धा ग्रॅम झँथन किंवा ३ ते ५ ग्रॅम इसबगोल मदत करतं. पण मग भाकरी रबरी होते. त्यापेक्षा पीठ दळून आणावं.

ग्वार गम आणि झँथन गम यात चांगला कोणता?

प्रश्न असा विचारला की उत्तर चुकतंच. दोन्ही थंड पाण्यात फुगतात, दोन्ही अगदी थोडे लागतात, पण स्वभाव निराळे.

ग्वार गम आपल्या गवारीच्याच बियांचा. बीमधला साठ्याचा भाग वेगळा काढून दळतात. जगातला बहुतेक ग्वार भारतात, त्यातही मुख्यतः राजस्थानात पिकतो, म्हणून तो स्वस्त. झँथन गम वनस्पतीचा नाही. झँथोमोनास कँपेस्ट्रिस हा जिवाणू साखरेवर वाढवून, त्याने तयार केलेला चिकट पदार्थ वेगळा करून वाळवतात. अमेरिकेत १९६९ साली त्याला अन्नात परवानगी मिळाली.

झँथन स्थिर असताना दाट असतो, बाटली हलवली की पातळ होऊन ओतला जातो आणि ताटात पडल्यावर पुन्हा दाट होतो. म्हणून शेजवान चटणी, सॅलड ड्रेसिंग आणि केचपमध्ये तो शोभतो. मसाल्याचे कण आणि लसणाचे तुकडे तो अधांतरी धरून ठेवतो. ग्वारला हे तितकं जमत नाही. नुसत्या ग्वारने तिखट हळूहळू तळाला जातं.

आंबटात फरक आणखी ठळक. साधारण साडेतीनपेक्षा कमी पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) असलेल्या रसात ग्वार उकळला तर तो तुटतो. आठवड्यात सॉस पातळ झाल्याची तक्रार येते ती याचीच. झँथन तिथे तग धरतो. मिठाच्या बाबतीत एक पथ्य पाळावं: झँथन आधी साध्या पाण्यात पूर्ण फुगवून मग मीठ घालावं. आधीच खारट असलेल्या पाण्यात तो नीट उमलत नाही.

ग्वारचीही जागा आहे. आइसक्रीम, लस्सी, दाट मिल्कशेक यांत तो मऊ भरीवपणा देतो आणि झँथनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. मात्र हलक्या प्रतीच्या ग्वारला कच्च्या शेंगेचा वास असतो. चिमूटभर कोमट पाण्यात घालून वास घ्यावा. फिक्या चवीच्या पदार्थात, म्हणजे व्हॅनिला किंवा साध्या दुधात, तो वास लपत नाही.

दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळले तर एकेकट्यापेक्षा जास्त दाटपणा येतो. चटणीला १ ग्रॅम झँथन आणि १ ग्रॅम ग्वार हे मिश्रण ३ ग्रॅम नुसत्या ग्वारपेक्षा चांगलं वागतं. झँथनला लोकस्ट बीन गमची, म्हणजे आयएनएस ४१०ची, जोड दिली तर दाटपणाच्या पुढे जाऊन लवचीक जेल होतं. दोघांपैकी कोणीही एकट्याने थिजत नाही, एकत्र आले की थिजतात. लोकस्ट बीन मात्र ८० अंशांच्या वर तापवावा लागतो, थंडात तो अर्धवट फुगतो.

गमच्या गुठळ्या होतात. काय करावं?

पावडर पाण्यात पडली की गोळ्याच्या बाहेरचा थर लगेच फुगतो आणि पाणी आत जायची वाट बंद करतो. आत कोरडी पावडर, बाहेर जेलचं कवच. कितीही ढवळलं तरी ती गुठळी फुटत नाही. म्हणून कण आधीच एकमेकांपासून दूर करायचे.

रेसिपीतली साखर गमच्या आठ-दहा पट घेऊन कोरडीच नीट मिसळावी आणि फिरत्या मिक्सरमध्ये वरून चिमटी-चिमटीने सोडावी. साखर नको असेल तर गमच्या तीन-चार पट तेलात कालवून पाण्यात ओतावं. पाणी पावडरीवर ओतू नये, पावडर पाण्यात सोडावी. त्यानंतर ग्वारला किमान अर्धा तास द्यावा. पूर्ण फुगायला दोन तास लागू शकतात, त्यामुळे पाच मिनिटांत 'अजून पातळच आहे' म्हणून वाढवत राहू नये.

गुठळ्या झाल्याच तर तासभर भिजू द्याव्यात, मग मिक्सरला लावून गाळून घ्यावं. फेस झाला तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यावर बराचसा बसतो.

कॉर्नफ्लॉवरचं नेमकं उलटं. ते थंड पाण्यात कालवावं, गरम पाण्यात थेट घातलं की गुठळी. कस्टर्ड पावडरलाही हाच नियम, कारण ती म्हणजे रंग-स्वाद घातलेलं कॉर्नफ्लॉवरच.

घरच्या आइसक्रीमला जीएमएस, सीएमसी आणि कॉर्नफ्लॉवर तिन्ही लागतात का?

तिघांची कामं वेगळी आहेत, म्हणून जुन्या घरगुती कृतीत तिन्ही येतात.

सीएमसी स्टॅबिलायझर आहे. वनस्पतीच्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून तो पाण्यात विरघळेल असा केलेला असतो. पाणी दाट झालं की बर्फाचे कण मोठे होण्याचा वेग कमी होतो. जीएमएस, म्हणजे ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट, आयएनएस ४७१, दाटपणासाठी नाहीच. तो इमल्सिफायर, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरणारा आहे. फेटताना स्निग्धांश आणि हवा यांना तो जागेवर बसवतो, म्हणून आइसक्रीम फुलतं. कॉर्नफ्लॉवर स्वस्तात भरीवपणा देतं. सीएमसी-ग्वार असेल तर ते वगळलं तरी चालतं, जिभेवरचा पिठूळपणाही जातो.

१ लिटर साईच्या दुधाला: साखर १५० ग्रॅम, दूध पावडर ५० ग्रॅम, सीएमसी १.५ ग्रॅम, ग्वार १ ग्रॅम, जीएमएस ४ ते ५ ग्रॅम. जीएमएस थंड दुधात तरंगत राहतो, दूध ७० अंशांच्या वर गेल्यावरच तो वितळून मिसळतो. सीएमसी आणि ग्वार साखरेत कोरडे मिसळून दूध कोमट असताना सोडावेत, एक उकळी आणावी, मग लवकर थंड करून फ्रीजमध्ये किमान चार तास, जमलं तर रात्रभर ठेवावं. हा मुरण्याचा वेळ गाळला तर फेटताना हवा धरत नाही. त्यानंतर गोठवायचं, अर्धवट गोठल्यावर फेटायचं, परत गोठवायचं.

अनेक कृतींत अर्ध्या लिटरला जीएमएसचा मोठा चमचा सांगतात. तो फार होतो. आइसक्रीम दुप्पट फुलतं, पण टाळूला मेणचट थर चिकटतो.

एवढं करूनही बर्फाचे खडे का येतात?

वीज गेली, आइसक्रीम कडेने मऊ झालं, वीज आली, परत गोठलं. प्रत्येक फेरीत लहान कण वितळतात आणि ते पाणी मोठ्या कणांवर जाऊन गोठतं. स्टॅबिलायझर हे लांबवतो, थांबवत नाही. एप्रिल-मेमध्ये दुकानातून घरी नेतानाच पहिली फेरी होऊन जाते. डबा उथळ घ्यावा, वर फिल्म चिकटवावी, फ्रीझरच्या दारापासून लांब ठेवावा. सीएमसी दुप्पट केल्याने खडे जात नाहीत, आइसक्रीम मात्र चघळावं लागतं.

जेली उन्हाळ्यात वितळते. चायना ग्रास घेऊ की जिलेटिन?

सोलापूरच्या उन्हाळ्यात चायना ग्रास. जिलेटिनची जेली ३० ते ३५ अंशांना वितळते. तोंडात विरघळण्याचा तिचा गुण तोच, आणि दुपारी चाळिशी ओलांडणाऱ्या गावात तोच तिचा दोष. टेबलावर ठेवलेली जेली पाहुणे येईपर्यंत सरबत होते. अगरची गंमत अशी की ते ३२ ते ४० अंशांना थिजतं, पण परत वितळायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं. फ्रीज नसतानाही सेट होतं आणि लग्नाच्या मांडवात दिवसभर उभं राहतं. पोत मात्र कडक, चटकन तुटणारा. मऊ हवं असेल तर पावडर लिटरला ५ ग्रॅमपर्यंत खाली आणावी.

पट्ट्या असतील तर १० ग्रॅम पट्ट्या १ लिटरला. अर्धा तास भिजवाव्यात, मग वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळाव्यात. पाण्यात एकही तंतू दिसता कामा नये. तंतू राहिला की जेली सेट होत नाही, आणि दोष अगरवर येतो.

डाळिंबाच्या रसाची जेली करताना रस अगरबरोबर उकळू नये. आंबटात उकळलेलं अगर दुबळं होतं, शिवाय रसाचा रंग मरतो. २०० मिलिलिटर पाण्यात ८ ग्रॅम अगर उकळून घ्यावं आणि ८०० मिलिलिटर रस साधारण ३५-४० अंश कोमट करून त्यात पटकन मिसळावं. फ्रीजमधला गार रस ओतला तर अगर लगेच धाग्यांत थिजतं आणि दाणेदार होतं.

कच्चं अननस, पपई, किवी यांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. जिलेटिन हे प्रथिन, त्यामुळे ते थिजतच नाही. ही फळं आधी काही मिनिटं उकळावीत किंवा डब्यातली घ्यावीत. अगर प्रथिन नाही, त्याला या फळांचं काही वाटत नाही. गोठवणं मात्र त्यालाही मानवत नाही, वितळल्यावर स्पंजासारखं पाणी सोडतं.

चीक न मिळाल्यावर चायना ग्रासचा 'खरवस' करतात. तो दुधाची जेली म्हणून चांगला लागतो. खरा खरवस चिकातल्या प्रथिनांनी थिजतो, त्याची दाणेदार वडी अगरला जमत नाही.

जॅमला पेक्टिन घातलं तरी तो वाहतो. काय चुकलं?

साधं, जास्त मेथॉक्सिलचं पेक्टिन तीन अटींवर थिजतं: पेक्टिन पुरेसं, साखर साधारण ६० टक्क्यांच्या वर, आणि पीएच २.८ ते ३.५. एक अट हुकली की बाकी दोन वाया. साखर कमी करून 'हेल्दी' जॅम करायचा असेल तर कमी मेथॉक्सिलचं पेक्टिन लागतं. ते साखरेऐवजी कॅल्शियमने थिजतं.

पेरूमध्ये स्वतःचं पेक्टिन भरपूर, त्याला बहुधा बाहेरचं लागत नाही. डाळिंब आपल्याकडे मुबलक आणि मानांकनाचं, पण त्याच्या रसात पेक्टिन फार कमी. १ लिटर रस, ९०० ग्रॅम साखर, १० ग्रॅम पेक्टिन, शेवटी लिंबाचा रस २ छोटे चमचे. पेक्टिन १०० ग्रॅम साखरेत कोरडं मिसळून गरम रसात सोडावं, मिनिटभर उकळावं, मग उरलेली साखर. सगळी साखर आधी घातली तर पेक्टिन विरघळतच नाही.

कधी उतरवायचा हे ठरवायला वजनकाटा सर्वांत भरवशाचा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवावं. वरच्या प्रमाणात सुरुवातीचं मिश्रण साधारण १.९५ किलो भरतं. ते १.६ किलोवर आलं की साखरेचा अंश ६५ टक्क्यांच्या आसपास पोचतो. थर्मामीटर वापरत असाल तर पुस्तकातला १०४-१०५ अंशांचा आकडा समुद्रकिनाऱ्याचा आहे. सोलापूर सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८.५ अंशांच्या आसपास उकळतं. आधी साधं पाणी उकळून आपल्या थर्मामीटरचा आकडा पाहावा, त्यात साडेचार अंश मिळवावेत. इथे १०५ गाठेपर्यंत थांबलं की जॅमचा चिक्कीकडे प्रवास सुरू होतो.

लस्सीत किंवा फ्लेवर्ड दुधात ग्वार घातला, तरी खाली पाणी दिसतं. का?

दुधातलं केसिन हे प्रथिन आणि ग्वार, लोकस्ट बीन किंवा सीएमसी यांची फारशी जमत नाही. एका भांड्यात दोघं आपापल्या खोल्या करून बसतात आणि मधे पातळ थर सुटतो. कारखाने अगदी थोडं कॅराजीनन घालतात ते यासाठी. कप्पा प्रकारचं कॅराजीनन केसिनला धरतं आणि कोकोचे कणही खाली बसू देत नाही. ते दूध तापवतानाच मिसळावं लागतं. ०.२ ग्रॅमऐवजी २ ग्रॅम पडलं तर बाटलीत पुडिंग तयार होतं.

आंबट दुधाच्या पेयांना, म्हणजे फळांच्या लस्सीला, जास्त मेथॉक्सिलचं पेक्टिन किंवा सीएमसी बरं. आंबटात केसिनचे कण गोळा होऊन दाणे पडतात, ते हे दोघं रोखतात. मसाला ताकाला काही घालू नये. ताक बसणारच, घुसळून प्यावं.

बाजारात तोच गम निम्म्या भावात मिळतो. घ्यावा का?

या गावात हा प्रश्न विशेष जपून घ्यावा. चादरी-टॉवेलच्या ताण्याला खळ देण्यासाठी आणि कापड छपाईसाठी स्टार्च, सीएमसी, ग्वार, चिंचोक्याची पावडर, सोडियम अल्जिनेट हेच सगळं वापरतात. नाव तेच, पोतं तसंच, शुद्धता वेगळी. खाद्य प्रतीचं सीएमसी किमान ९९.५ टक्के शुद्ध असावं लागतं. औद्योगिक मालात मीठ आणि सोडियम ग्लायकोलेट उरलेलं असतं, वर बुरशी लागू नये म्हणून काही मिसळलेलंही असू शकतं. २००७ साली भारतातून युरोपात गेलेल्या ग्वार गममध्ये पेंटाक्लोरोफिनॉल आणि डायऑक्सिन ही विषारी रसायनं सापडली होती, त्यानंतर तिथे या मालावर खास तपासणी लागू झाली.

पाकिटावर एफएसएसएआय परवाना क्रमांक, आयएनएस क्रमांक, बॅच आणि तारीख हवी. सुटा माल पोत्यातून काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत दिला तर घेऊ नये. वासाने किंवा रंगाने प्रत ओळखता येत नाही.

लेबलवर काय वाचायचं?

'स्टॅबिलायझर' किंवा 'थिकनर' हा वर्ग आणि पुढे आयएनएस क्रमांक. युरोपातला ई ४१२ आणि आपला आयएनएस ४१२ एकच. शाकाहारी खूण हिरवा ठिपका, मांसाहारी खूण आता चौकटीतला तपकिरी त्रिकोण. जिलेटिन असलेल्या पाकिटावर तो त्रिकोण असतो. आयएनएस ४७१ वनस्पती किंवा प्राणी कोणत्याही स्निग्धापासून होऊ शकतो, तिथे क्रमांकावरून कळत नाही, खूणच पाहावी.

उपवासाला यातलं काय चालतं?

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे एकादशीला हा प्रश्न हमखास येतो. कॉर्नफ्लॉवर मक्याचं, म्हणून बहुतेक घरांत चालत नाही. शिंगाड्याचं पीठ, राजगिरा, साबुदाण्याचं पीठ, आरारूट चालतं. आरारूट म्हणून मिळणारी पावडर पुष्कळदा टॅपिओकाची किंवा मक्याची असते, घटक वाचून घ्यावी. खरं आरारूट कॉर्नफ्लॉवरपेक्षा लवकर आळतं आणि पारदर्शक दिसतं, पण दुधात थोडं लिबलिबीत होतं. शेंगदाण्याच्या उपवासाच्या आमटीला बाहेरचं काही नकोच. ग्वार शेंगेचा, झँथन जिवाणूचा. चालतं की नाही ते घरचं घरी ठरवावं.

पनीर किंवा खव्यात दाटपणासाठी काही मिसळलंय का, घरी कळेल?

स्टार्च कळतो. तुकडा पाण्यात उकळून निववावा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर स्टार्च आहे. गरम असताना थेंब टाकले तर रंग दिसत नाही. ग्वार, झँथन, सीएमसी या चाचणीत सापडत नाहीत, त्यामुळे रंग न येणं म्हणजे शुद्धतेची पावती नव्हे.

हे पदार्थ खाणं सुरक्षित आहे का?

ग्वार आणि झँथन यांना जेईसीएफए या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने रोजच्या सेवनाची आकड्यातली मर्यादा घालण्याची गरज मानलेली नाही. पदार्थात पडतं तेवढ्या प्रमाणात फार तर कोणाला पोट फुगल्यासारखं वाटतं, कारण हे तंतुमय पदार्थ आतड्यात आंबतात.

धोका कोरडी पावडर गिळण्यात आहे. ग्वार, इसबगोल घशात फुगून अडकू शकतं. 'वजन कमी करायला' कोरडा चमचा तोंडात टाकू नये.

अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास होणाऱ्यांना पाणी दाट करून देतात. तिथे झँथनचे तयार थिकनर स्टार्चपेक्षा बरे, कारण लाळेने ते पातळ होत नाहीत. दाटपणा किती हवा हे मात्र डॉक्टर आणि गिळण्याचे थेरपिस्ट ठरवतील, अंदाजाने देऊ नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दुधात असले थिकनर अजिबात घालू नयेत. २०११ साली अमेरिकेच्या एफडीएने झँथनच्या एका थिकनरबाबत आतड्याच्या गंभीर आजाराचा इशारा दिला होता.

पाकीट उघडल्यावर किती टिकतं?

हवाबंद बरणीत, गॅसपासून लांब, छापलेल्या तारखेपर्यंत. पावसाळ्यात ओला चमचा गेला की गम दगडासारखा होतो. असा दगड कुटून वापरू नये, त्याची ताकद आणि स्वच्छता दोन्हींचा भरवसा उरत नाही. पाण्यात फुगवलेला ग्वार फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. आंबूस वास आला, किंवा काल दाट असलेला आज ओघळू लागला, तर त्यात जंतू वाढले आहेत. तो दाट करायच्या नादात आणखी पावडर न घालता ओतून द्यावा. मोरीत ओतताना भरपूर पाणी सोडावं, नाहीतर पाइपही मिळून येतो.